हसरा, सरळ, रडका

एकमेकांच्या कामाबद्दल कसं बोलावं हे आपल्याकडे शाळेत शिकवत नाहीत, असं म्हणणं तितकंसं खरं नाही. शिकवतात की! माझ्या पिढीला दोन प्रकार पक्के आठवत असतील. एक, शुद्धलेखन झालं की बाईंचा हुकूम : ‘वह्या बदला’. मग शेजाऱ्याच्या वहीतल्या चुकांना गोल करायचे, खाली ‘१० पैकी ६’ लिहायचं आणि वही परत. दुसरा, बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटरने फळ्यावर लिहिलेली बडबड करणाऱ्यांची नावं. जास्त बोललात तर नावापुढे फुल्या वाढणार. मॉनिटरचे मित्र असाल तर नाव गुपचूप पुसलंही जाणार.

म्हणजे दुसऱ्याच्या कामावर बोलायचं तर चूक पकडायची, आणि ज्याच्या हातात खडू त्याने पकडायची, एवढं शिक्षण आपलं व्यवस्थित झालेलं आहे. पुढे हीच मुलं (म्हणजे आपण) आयटीत येतात आणि कोड रिव्ह्यूला बसतात. मग एक तर ‘हे काय लिहिलंय’ थाटाच्या वीस कमेंट्स, नाहीतर न वाचताच ‘लुक्स गुड’. मधलं काही येतच नाही. मग कंपनी पंचविशीतल्या लोकांना फीडबॅक देण्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग देते. हॉटेलात, जेवणासकट.

हा विषय काढायचं कारण २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. त्यात प्रगतिपुस्तक बदलायला सांगितलंय : शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत मुलाने स्वतःचं केलेलं आणि वर्गातल्या सोबत्यांनी केलेलं मूल्यमापनही त्यात असावं. कल्पना मला मनापासून पटते. भीती वाटते ती ‘मूल्यमापन’ या शब्दाची.

मध्यंतरी माधवनगरला बहिणीकडे गेलो होतो. भाची तिसरीत आहे. तिच्याकडे एक कागद होता, बाकावरच्या मैत्रिणीबद्दल भरायचा. ‘मला मदत करते’, ‘माझं ऐकून घेते’ अशी चार-पाच वाक्यं आणि प्रत्येकापुढे तीन चेहरे : हसरा, सरळ, रडका. तिने झाडून सगळे हसरे रंगवले होते. म्हटलं, सगळेच? तर म्हणाली, ‘अरे मामा, ती पण मला सगळे हसरेच देणारे. आमचं ठरलंय.’

आठ वर्षांच्या पोरीला ३६० डिग्री अप्रेझलचं सार कळलेलं होतं! यात तिचं काही चुकलं नाही. ज्या कागदाचा शेवटी शेरा होणार, तिथे मोठी माणसंही साटंलोटंच करतात. पण जिचं कुणाशीच ‘ठरलेलं’ नाही, जी वर्गात नवीन आहे, जिची भाषा किंवा कपडे वेगळे आहेत, तिच्या वाट्याला कुठले चेहरे येणार? मॉनिटरचा तो फळा उचलून आपण प्रगतिपुस्तकात नेऊन बसवू, ही माझी खरी काळजी.

उगाच शंका काढतोय असं नाही. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षकाने प्रत्येक मुलाकडे नीट बघून त्याच्याबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात, ही त्यातली सुंदर गोष्ट. झालं काय? विषयवार तयार नोंदींचे संच निघाले. पीडीएफ उतरवा, मग रजिस्टरमध्ये उतरवा. शिक्षकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही; भरलेला वर्ग आणि वर कागदांचा ढीग असेल तर तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. पण रकाना आधी आणि सवय नंतर असं केलं, की रकाना भरतो आणि सवय राहून जाते.

सवय कशी लागते हे बघायला सांगलीकरांना लांब जायला नको. कुस्तीच्या आखाड्याला आपण तालीम म्हणतो आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच. (मूळ अरबी शब्दाचा अर्थच शिक्षण, गांधीजींची ‘नई तालीम’ ती हीच.) विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून या गावाला दोन्ही तालमी माहीत आहेत. तालमीत जोडीदार सांगतो, ‘पाय पुढे टाकलास, म्हणून पट निघाला.’ तू वाईट पैलवान आहेस असं म्हणत नाही. आणि सांगून झालं की लगेच पुन्हा जोड लागते. मार्क कुणीच देत नाही.

अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्गर यांचं एक उदाहरण शिक्षणाच्या जगात प्रसिद्ध आहे. आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावातला पहिलीचा ऑस्टिन फोटो बघून फुलपाखराचं चित्र काढतो. पहिलं चित्र अगदी पहिलीतल्या पोराचं. मग वर्गमित्र सांगतात, आधी पंखांच्या आकाराबद्दल, नंतर नक्षीबद्दल. सहावं चित्र बघून विश्वास बसत नाही. बर्गर यांचे नियम तीनच : प्रेमाने सांगा, नेमकं सांगा, उपयोगी पडेल असं सांगा.

तिसरीच्या वर्गात हे सहज जमेल. ज्याचं काम आहे त्याने आधी विचारायचं, ‘माझ्या गोष्टीची सुरुवात कळते का?’ बाकीच्यांनी तेवढंच सांगायचं. त्याने मध्ये न तोडता ऐकायचं, कळलं नाही तर विचारायचं, आणि काय घ्यायचं, काय सोडायचं ते स्वतः ठरवायचं. हा शेवटचा हक्क फार महत्त्वाचा. तो नसेल तर तो फीडबॅक नाही, नुसती ऑर्डर. आणि मग पुन्हा लिहायचं. दुसरा खर्डा करायचा नसेल तर एवढं बोलून घेण्यात काही अर्थ नाही.

प्रगतिपुस्तकातल्या रकान्याचं काय? माझं मत असं, की तिथे मैत्रिणीने रंगवलेले चेहरे नकोतच. मुलीचा पहिला खर्डा आणि दुसरा खर्डा एकत्र टाचून लावा. मधे कुणी काय सांगितलं ते तिला आणि तिच्या मैत्रिणींना माहीत आहे, तेवढं पुरे. आपल्यापैकी ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी पुढच्या पालकसभेत ‘मार्क किती’ च्या जोडीला ‘दुसरा खर्डा बघायला मिळेल का’ एवढं विचारावं. बाई चक्रावतील, पण बहुतेक खूश होतील.