मुक्या सोबत्याचे चित्र



सुट्टी लागली की मुलांना गुंतवायचे कशात, हा प्रश्न घरोघरच्या आयांना पडतो. मोबाइल हातातून सुटत नाही आणि छंदवर्गाची फी परवडत नाही. म्हणून या खेपेला आम्ही एक स्वस्त छंद सुचवतो. घरातल्या कुत्र्याचे, मांजराचे, शेळीचे जलरंगात चित्र काढायचे.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले. एके काळी ते तसेच होते. पुण्यात पेशव्यांनी प्राणी पाळले होते. त्यांतल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० साली जलरंगात काढले. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवले आहे. कलाकार गुणी होता, त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. पण त्याच पुण्यात आपल्या पूर्वजांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे. गेंडा कसा दिसत होता ते जगाला ठाऊक आहे. आपला पणजोबा, खापरपणजोबा कसा दिसत होता, हे सांगणारा कागद आपल्यापैकी किती घरांत आहे?

महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी होते, आपल्याला नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी हाती घेतले. भांडण माणसाच्या माणुसकीचे होते, मुक्या जनावराशी नव्हते. बाबासाहेबांना स्वतःला कुत्री पाळण्याची आवड होती. पंचशीलातले पहिले शील तरी दुसरे काय सांगते?

आता जुन्नर तालुक्यातल्या येडगावकडे पाहू. कुकडी नदीवर धरण आहे, भोवती ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. या पट्ट्यात कुत्रा पाळतात तो हौसेने नव्हे, राखणीला. रात्री तो भुंकला की घर सावध होते. आणि बिबट्या दाराशी आला तर पुष्कळदा पहिला बळी त्याचाच जातो. सकाळी नुसती साखळी उरते. मूल विचारते, आपला वाघ्या कुठे गेला? शेळीचेही तसेच. पोराने अंगाखांद्यावर खेळवलेले करडू मोठे होऊन बाजाराला जाते, ते परत येत नाही. फोनमधला फोटो फोन बिघडला की गेला. चित्रासाठी मात्र तासभर त्या जिवाकडे नीट पाहावे लागते, आणि नीट पाहिलेले सहजी विसरत नाही.

साहित्य थोडेच लागते. जाड ड्रॉइंग पेपर, रंगाच्या वड्यांची एक पेटी, एक जाड आणि एक बारीक ब्रश, पाण्याचे दोन डबे आणि जुन्या धोतराचा तुकडा. कागदाचे म्हणाल तर जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता, दप्तरे त्यावर लिहिली जात. जलरंग म्हणजे तरी काय, रंगाची पूड आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक.

कुत्रा ऊन खात पडला असेल तेव्हा बसावे. पेन्सिलीने अगदी हलके रेखाटन करावे: डोक्याचा गोल, तोंडाचा चौकोन, कानांचे त्रिकोण. जलरंगात पांढरा रंग कागदाचाच असतो. म्हणून जे पांढरे ठेवायचे ते कोरे सोडावे. आधी भरपूर पाणी घालून फिका रंग द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, मग त्यावर गडद. घाई केली की रंग एकमेकांत उतरतात. काळ्या कुत्र्यालाही नुसता काळा रंग लावू नये. गडद तपकिरीत निळा मिसळला की जिवंत काळा तयार होतो. केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने ब्रश फिरवावा. शेवटी ब्रश धोतरावर टिपून जवळजवळ कोरड्या टोकाने केसांच्या चार रेघा ओढाव्यात.

डोळ्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. बुबुळात चमकेचा ठिपका कोरा सोडावा. तो ठिपका नसेल तर कुत्रा मेल्यासारखा दिसतो. असेल तर तो आपल्याकडे पाहतो. पहिली चार-पाच चित्रे बिघडतीलच. मुलांना हसू नये.

डोळ्यांवरून आठवण झाली. बाबासाहेब उतारवयात चित्रकला शिकले. त्यांनी काढलेल्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत. एवढ्या कामाच्या रगाड्यात ते हाती ब्रश धरू शकले, तर आपल्याला वेळ नाही असे कसे म्हणावे? आणि चित्रकला आपल्याला परकी तरी कुठे आहे? अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आंधळ्या आईला पोसणाऱ्या हत्तीची जातककथा रंगवलेली आहे. राजाने धरून नेले तरी आईवाचून तो चारा खाईना, शेवटी राजाने त्याला सोडले. भिंतीवरच्या त्या हत्तीचे दुःख आजही कळते, कारण रंगवणाऱ्याने हत्ती प्रेमाने पाहिला होता. येडगावकरांना तर लेण्याद्री जवळच आहे. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांच्या माथ्यावर कोरलेले प्राणी मुलांना जरूर दाखवावेत.

ज्यांना गोडी लागेल त्यांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची चौकशी करावी. पण आमचा हेतू परीक्षेपुरता नाही. ज्या हाताला वाघ्याचा डोळा जमला, त्याला उद्या आजीचा डोळाही जमेल. शेतात राबलेल्या, धरणाच्या कामावर पाट्या वाहिलेल्या कितीतरी आज्यांचे चित्र म्हणजे ओळखपत्रावरचा तो एक पुसट फोटो. सराव कुत्र्यावर करा. तो हललाच तर रागावत नाही. मग आजीला उन्हात बसवा. चित्राखाली तिचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा. आपल्या पणतवंडांना तरी, ती कशी दिसत होती, असे विचारावे लागू नये.

नमो बुद्धाय! जय भीम!