टॉप किती, बेस किती, आणि गाणी?

डीजेचा विषय निघाला की सगळे डेसिबलवर घसरतात. मेढ्यातही तेच. शांतता समितीची बैठक, पोलिसांच्या नोटिसा, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तक्रारी, सगळीकडे एकच चर्चा: मीटरवर आकडा किती आला आणि गुन्हा दाखल झाला का. ही तक्रार खरीच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, ती पाळलीच पाहिजे. पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे आणि आवाज निम्म्यावर आणला तरी तो कमी होणार नाही. आमच्या भागातल्या डीजेवाल्यांनी गाणी निवडणंच सोडून दिलं आहे. या गाण्यानंतर कोणतं, आणि तेच का, एवढाच खरं तर या माणसाचा धंदा. तोच त्याला येत नाही, आणि येत नाही म्हणून कुणी त्याला हटकतही नाही.

जावळी खोऱ्यातल्या एखाद्या हळदीत ऑपरेटरच्या मागे जाऊन उभे राहा. लॅपटॉपवर व्हर्च्युअल डीजे उघडलेलं असतं. कडेला फोल्डर: हळदी नॉनस्टॉप, मिरवणूक, जयंती, हलगी मिक्स, साउंड चेक. त्यातली एकेक फाईल तासा-तासाची, दुसऱ्याच कुणीतरी जोडून, व्हॉट्सअॅपवरून गावोगाव पोचवलेली. ती एकदा सोडली की ऑपरेटर खुर्चीत टेकतो आणि मोबाइल काढतो. मधूनमधून हॉर्न वाजतो, भोंगा वाजतो, फाईल बनवणाऱ्याच्या नावाची आरोळी येते. तीच फाईल कुडाळला, तीच केळघरला, तीच मेढ्याच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या वरातीत. समोर कोण नाचतंय, कोण बसलंय, कोण कंटाळून उठलंय, हे बघायला त्याने मान वर केलेली मला क्वचितच दिसते.

गेल्या लग्नसराईत मेढ्याजवळच्या एका वाडीत हळद होती. बायकांचा गोतावळा मांडवाच्या कडेला उभा होता. एक जुनं कोळीगीत लागलं आणि नवरदेवाच्या आजीने पदर खोचला. तिच्यामागून मुंबईहून आलेली मावशी, मग दोन सुना. आमच्याकडे बाईमाणसाची लाज मोडायला एक अख्खं कडवं जावं लागतं. पहिलं कडवं संपत आलं, हात वर गेले, आणि तेवढ्यात भोंगा वाजून गाणं कापलं गेलं. पुढे आदळला तो कुठल्यातरी हिंदी गाण्याचा तुकडा, दुप्पट वेगात. आजी जागच्या जागी थांबली. ऑपरेटरकडे जाऊन म्हणाली, "आरं बाळा, त्येवढं गाणं पुरं वाजू दे की." तो म्हणाला, "आज्जे, पब्लिक थांबत नाय गं." पब्लिक त्याच्यासमोरच उभं होतं. चार बायका खुर्च्यांवर जाऊन बसल्या त्या रात्रभर उठल्या नाहीत.

यात नुसता उद्धटपणा नाही, अडाणीपणाही आहे. कोळीगीतांचा मोठा भाग सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्यावर चालतो. नाचणाऱ्याचं अंग त्या झुल्यावर हलतं. त्यातून चारच्या सरळ ठोक्यावर जायचं तर मध्ये जागा काढावी लागते: नुसती हलगी, किंवा आधीच्या गाण्याचं वाद्यसंगीत, आणि मग समेवर नवं गाणं. वेग वाढवायचा तर मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी वाढवायचा. शंभरावरून सुरू करून दोन तासांत एकशे तीसला पोचता येतं आणि नाचणाऱ्याला ते कळतही नाही, फक्त अंगात येत जातं. त्याऐवजी आमचे लोक सहा मात्रांच्या गाण्याखाली चारचा बेस ठोकतात आणि त्याला मिक्स म्हणतात. गाण्याचा झोल गेला की उरतो तो दणका. दणक्यावर पोरं उड्या मारतात, बाकीचा मांडव बसून राहतो.

मला सर्वांत जास्त झोंबतं ते हे, की हे अज्ञान ज्या मुलखात आहे त्या मुलखाला क्रम कुणी शिकवायची गरज नाही. इथल्या गावोगावच्या भजनात मी पखवाजाला बसतो. रामकृष्ण हरीचा गजर झाल्याशिवाय कुणी अभंगाला हात घालत नाही. आधी रूपाचा अभंग, मग पुढचे, गौळण तिच्या जागी, भैरवी शेवटी. भैरवी पहिल्यांदा म्हणणाऱ्याला माळकरी उठवून बाहेर बसवतील. तमाशात गण, गौळण, बतावणी, मग वग. गोंधळात आधी गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावणं, मग आख्यान, शेवटी आरती. निरक्षर गोंधळी रात्र कशी चढवायची आणि पहाटेला कशी उतरवायची हे जाणून होता. त्याच्या नातवाच्या हातात आज लाखोंचा कन्सोल आहे आणि त्याला सात वाजता काय लावायचं ते कळत नाही.

ज्यांच्याकडून हा धंदा आला त्यांनीही तो असा केला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासोने दोन तबकड्यांचा वेग कानाने जुळवून एक गाणं दुसऱ्यात सोडायची रीत रुजवली. त्याच शहरात डेव्हिड मॅन्कुसोने १४ फेब्रुवारी १९७० ला आपल्या राहत्या जागेत 'लॉफ्ट'ची पहिली रात्र केली. तो रात्रीचे तीन भाग मानायचा: शांत सुरुवात, मग कल्लोळ, मग माणसांना हळूहळू जमिनीवर आणणं. पुढे तर त्याने गाणी एकमेकांत मिसळणंच बंद केलं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत पूर्ण गाणं वाजवायचा आणि सगळी कारागिरी पुढचं गाणं निवडण्यात ठेवायचा.

इतक्या लांब जायचं नसेल तर गोव्याला जा. हणजूणच्या किनाऱ्यावर गोवा गिल नावाचा अमेरिकन रात्र-रात्र संगीत लावायचा. २०२३ मध्ये तो गेला. तिथल्या उन्हात तबकड्या वाकायच्या म्हणून ती मंडळी कॅसेटवर आणि नंतर डॅट टेपवर वाजवायची. टेपवर वेग जुळवायची सोय जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे सगळं काही क्रमावर अवलंबून. काळोखात अंगावर येणारं, गडद संगीत. उजाडायला लागलं की मोकळं, उजळ. आमच्या ऑपरेटरला वेग जुळवायला एक बटण दाबावं लागतं. यंत्राने त्याचं निम्मं काम केलं, उरलेलं निम्मं म्हणजे निवड, आणि ते त्याने कुणा अनोळखी माणसाच्या फाईलवर सोपवून टाकलं.

दोष एकट्या ऑपरेटरचा नाही, हेही ठणकावून सांगतो. सुपारी कशी दिली जाते ते बघा. मालक विचारतो, टॉप किती, बेस किती, जनरेटर तुमचा की आमचा, लाईट किती. भाव ठरतो, विसार दिला जातो. गाणी कोणती, हे पाहुणा विचारत नाही, नवरदेवाचा बाप विचारत नाही, मंडळाचा अध्यक्ष तर नाहीच नाही. खोक्यांच्या संख्येवर पैसे मिळणार असतील तर ऑपरेटर खोकी वाढवणार, गाण्यांवर डोकं कशाला चालवणार? मग गणपतीत दोन ट्रॉल्या समोरासमोर लागतात आणि साउंड चेक सुरू होतो. ज्यात धड सूर नाही, शब्द नाहीत, नुसता खालचा गडगडाट आहे, तो वाजवून कोणाचा बेस भारी हे ठरवायचं. पोरं व्हिडिओ काढतात. गणपती बिचारा ट्रॉलीच्या मागे ताटकळतो.

शिवजयंतीला पोवाड्याखाली जो बेस, तोच चौदा एप्रिलला भीमगीताखाली, तोच हळदीत, तोच विसर्जनाला. भीमगीतांमागे कव्वालीच्या अंगाच्या, सवालजवाबाच्या गायकीची केवढी मोठी परंपरा आहे. पोवाड्याला शाहिराची फेक आहे, झीलकऱ्यांची साथ आहे. या सगळ्यांचा गळा कापून एकाच ठोक्यावर बसवलं जातं आणि वर अभिमानाच्या घोषणा दिल्या जातात. आपल्या माणसांच्या गाण्याचा एवढा अपमान बाहेरच्या कुणी केला असता तर रस्ता रोखला असता आपण.

आणि याच तालुक्यात बायकांनी मतदानाने बाटली आडवी केली होती. दारूची दुकानं बंद पाडल्यामुळे जावळीचं नाव महाराष्ट्रभर गेलं. त्याच बायकांच्या मांडवात आज दारूच्या घोटाची गाणी त्यांच्या नातवंडांना नाचवतात, आणि कुणी उठून "हे नको, दुसरं लाव" म्हणत नाही. गावात काय विकलं जावं हे ज्यांनी ठरवलं, त्यांना गावात काय वाजावं हेही ठरवता येईल. त्यासाठी तहसीलदाराची परवानगी लागत नाही.

कायद्याने रात्री दहाला बंद करावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांनी सूट दिलेले सणावाराचे ठरावीक दिवस सोडले तर बारापर्यंत कुणालाच मुभा नाही. हे ऑपरेटरला सातलाच ठाऊक असतं. म्हणजे त्याच्या हातात मोजून तीन तास. पहिला तास हळद लावणाऱ्या बायकांचा आणि जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या म्हाताऱ्यांचा, दुसरा मुंबईकर पाहुण्यांचा आणि मधल्या वयाच्या लोकांचा, तिसरा पोरांचा, आणि शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा सगळ्यांची, म्हणजे उतरती. असा ताशीव हिशेब मांडून दिला तरी होत काय? सव्वासातलाच सगळ्यात मोठा दणका सोडलेला असतो. साडेआठला पोरं दमतात, कारण त्यांना चढायला पायरीच ठेवलेली नसते. मग दमलेल्यांना उठवायला आणखी आवाज, आणखी भोंगा. डेसिबलची तक्रार करणाऱ्यांनी हे नीट ऐकावं: ज्याला गाण्याने रंग चढवता येत नाही तोच नॉब पिळतो. आणि दहाला पोलिसांची गाडी दारात येते तेव्हा गाणं मध्येच तुटतं, लोक शिव्या देत जेवायला जातात.

पुढच्या लग्नाची सुपारी द्यायला जाल तेव्हा टॉप आणि बेस नंतर मोजा. आधी त्याला समोर बसवा, आपल्या घरात कोण कोण नाचणार आहे ते सांगा, आणि पहिली पाच गाणी आणि शेवटची तीन गाणी त्याच्या तोंडून ऐका. सांगता आली नाहीत तर विसार खिशातच ठेवा आणि केळघरकडच्या हलगीवाल्यांना बोलावणं धाडा.