दृष्टीची किंमत कोणी ठरवायची?

तान्हे मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नाही, त्याची बुबुळे सतत हलत राहतात, ते मुठींनी वारंवार डोळे दाबते. ही लक्षणे दिसली की आपल्या समाजात पहिला शोध रोगाचा होत नाही, अपराध्याचा होतो; आणि तो बहुधा आईतच सापडतो. वस्तुस्थिती निराळी आहे. जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी १८६९ मध्ये वर्णिलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा दृष्टिपटलाचा जन्मजात विकार बहुतेक वेळा आई व वडील या दोघांकडूनही येतो. दोघेही निरोगी, पण सदोष जनुकाचे वाहक असतात; अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला रोगाचा धोका चारात एक असतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी जेथे टिकून आहे, तेथे असा योग अधिक संभवतो.

या विकाराला कारणीभूत ठरणारी जनुके वीसहून अधिक आहेत. शस्त्रक्रियेने देता येणारा मान्यताप्राप्त जनुकोपचार आहे तो त्यांपैकी एकाच, आरपीई-६५ या जनुकाच्या दोषावर. असे रुग्ण शंभरांत पाच-दहाच. त्यांच्या दृष्टिपटलाखाली निर्दोष जनुक टोचले जाते. मंद प्रकाशात वावरण्याची शक्ती त्यामुळे वाढते. संपूर्ण दृष्टी मात्र मिळत नाही, आणि पटलातील पेशी आधीच मेल्या असतील तर उपयोगही होत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये या औषधास मान्यता मिळाली आणि दोन्ही डोळ्यांची किंमत जाहीर झाली साडेआठ लाख डॉलर, म्हणजे आजच्या दराने सात कोटी रुपयांहून अधिक!

रुग्ण थोडे, म्हणून किंमत मोठी, असे समर्थन केले जाते. ते अर्धसत्य आहे. हे जनुक १९९३ मध्ये प्रथम ओळखले गेले ते अमेरिकेच्या सरकारी नेत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेत. दुर्मिळ आजारांवरील औषधांना १९८३ च्या कायद्याने करसवलत व सात वर्षांची मक्तेदारी मिळते. शिवाय या औषधाबद्दल बक्षीस म्हणून मिळालेला शीघ्र-परीक्षणाचा परवाना कंपनीने २०१८ मध्ये अकरा कोटी डॉलरना विकला. आरंभीचा धोका समाजाने पत्करावा आणि फळ भागधारकांनी तोडावे, असा हा व्यवहार आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेने २०१९ मध्ये सवलत मिळवून हेच औषध स्वीकारले आणि रुग्णाला ते विनामूल्य मिळू लागले. सारा समाज एक ग्राहक म्हणून उभा राहिला की विक्रेत्याला वाटाघाटीस बसावे लागते.

तथापि केवळ औषधाच्या किमतीविरुद्ध लढणे पुरेसे नाही. शंभरांतील उरलेल्या नव्वदांचे काय? त्यांच्यासाठी आज शस्त्रक्रिया नाही. पण उपाय नाहीत असे मुळीच नाही. पटलाची विद्युत्-तपासणी, जनुकांची तपासणी, काही प्रकारांत मूत्रपिंडेही निकामी होतात म्हणून त्यांवर लक्ष, चष्मा, भिंगे, मोठ्या टाइपाची पुस्तके, वेळीच ब्रेल व पांढरी काठी, आणि शाळेत समजूतदार शिक्षक. ही यादी कोट्यवधींची नाही. तिच्यात प्रचंड नफा नाही, म्हणूनच ती उपेक्षित आहे.

आपल्याकडे कायद्यांची व योजनांची वाण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी करतो. २०१६ च्या कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे, त्यात यादीतील आजारांना २०२२ पासून कमाल पन्नास लाखांचे साहाय्य आहे. सात कोटींपुढे पन्नास लाख किती अपुरे, हे सांगायला नको. पण अंगणवाडीत हेरलेले मूल पुढे कोठे पाठवायचे आणि त्या प्रवासाचा खर्च व बुडालेली मजुरी कोणी सोसायची, हा प्रश्न त्याहून निकडीचा आहे.

म्हणून मागणी दुहेरी हवी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जनुकीय तपासणी व आनुवंशिकतेविषयी सल्ला विनामूल्य मिळावा, जिल्ह्याच्या ठिकाणी अल्पदृष्टी साहाय्य केंद्र असावे. आणि औषधाची किंमत राष्ट्राने एकत्रितपणे ठरवून घ्यावी, सार्वजनिक संशोधनास बळ द्यावे. कार्यकर्त्यांनी आरंभ मात्र घराच्या उंबरठ्यापासून करावा. दोष आईचा नाही, हे त्या घरात जाऊन सांगणे आणि त्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढवणे, यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.