उभ्या झाडाचे पैसे कोण देणार?
रत्नागिरी जिल्ह्यातील खातेदारांसाठी पत्रक



झाडं लावा, ती हवेतला कार्बन शोषतील आणि त्याचे पैसे तुमच्या खात्यात जमा होतील, असं आता आपल्याला सांगितलं जातंय. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीसाठी स्वेच्छा कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केल्यापासून या बोलण्याला सरकारी वजनही आलं आहे. झाडामागे शेतकऱ्याला पैसे मिळावेत, हे आम्हालाही हवं आहे. पण हा बाजार भलत्याच झाडाचे पैसे देतो, ही आमची तक्रार आहे.

आधी हिशेब पाहू. या बाजारात विकलं जातं ते क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. सुक्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो आणि एक किलो कार्बनमागे 3.67 किलो वायू धरतात. म्हणजे एका क्रेडिटसाठी, मुळं धरून, साडेपाचशे किलो सुकं लाकूड तयार व्हायला हवं. रोप लावल्यावर दोन वर्षांत कमाई, अशी भाषा कोणी केली तर त्याच्यापुढे हे गणित ठेवा.

आजोबा-पणजोबांनी राखलेल्या रायवळ आंब्यात, ऐनात, किंजळीत असे किती तरी टन आजच साठलेले आहेत. त्यांची किंमत शून्य! कारण करार नसता तर जे घडलं नसतं तेवढंच हा बाजार मोजतो. तुमचं झाड आधीपासून उभं आहे आणि तुम्ही ते तोडणारही नव्हता, मग पैसे कशाचे? जंगल राखल्याचीही क्रेडिट निघतात, पण त्यासाठी ते जंगल तुटणारच होतं, हे दाखवावं लागतं. थोडक्यात, ज्याच्या हातात कुऱ्हाड तो लाभार्थी, आणि देवराईतली वाळकी काटकीही न उचलणारा गाव यादीबाहेर.

‘तुटणारच होतं’ हे कागदावर किती फुगवता येतं, तेही उघड झालं आहे. व्हेरा ही क्रेडिट प्रमाणित करणारी जगातली सर्वांत मोठी संस्था. तिच्या तपासलेल्या वर्षावन प्रकल्पांतली नव्वद टक्क्यांहून अधिक क्रेडिट पोकळ असावीत, असा निष्कर्ष ‘गार्डियन’ आणि इतर पत्रकारांनी जानेवारी 2023 मध्ये मांडला. व्हेराने तो फेटाळला. त्याच वर्षी मोजणीची नवी पद्धत मात्र आणली.

आपल्या जिल्ह्यात वनखात्याची जमीन नाममात्र आहे. जंगल आहे ते तुमच्या-आमच्या वरकसात. मुलीचं लग्न, कुणाचं आजारपण, घराचं छप्पर, असं काही निघालं की ठेकेदार येतो आणि डोंगर उक्ता घेतो. लाकूड घाटावरच्या बॉयलरला जातं, खैर सावर्ड्याकडे कातासाठी. यावर सरकारचं उत्तर काय, तर 1964 चा वृक्षतोड कायदा आणि 1975 चा खाजगी वन संपादन कायदा. जास्त झाडं राखली तर सातबाऱ्यावर वनाचा शेरा पडेल, ही धास्ती अनेक घरांत आहे आणि ती उगीच नाही. राखणाऱ्याला बंधनं मिळाली, रुपया मिळाला नाही.

दलाल तुम्हाला युरोपातला भाव ऐकवील. तिथल्या कारखान्यांवर सक्तीच्या असलेल्या बाजारात फेब्रुवारी 2023 मध्ये टनाचा दर 100 युरोंवर गेला होता, हे खरं. पण त्या बाजाराने झाडांची क्रेडिट कधीच घेतलेली नाहीत. आपला माल जातो तो स्वेच्छा बाजारात. तिथे गिऱ्हाइकाला वाटलं तर तो घेणार आणि भावही तिथेच ठरणार. आपण मात्र वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं बांधलेले. एका सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. सही कोणाची चालणार? वणवा लागला तर भुर्दंड कोणाला?

यापेक्षा सरळ वाट आपल्याच राज्याने एकदा काढली होती. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागा उभ्या राहिल्या, कातळा-डोंगरावर आंबा-काजू आला. रोजगार हमीचा बराच पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून येत होता. त्यासाठी कुठल्या परदेशी प्रमाणपत्राची गरज पडली नाही. कोस्टा रिका या छोट्या देशाने 1996 मध्ये कायदा करून इंधनावरच्या करातून जंगलमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली, आणि तेही नव्या लागवडीबरोबर उभ्या जंगलाचे. मग पेट्रोल-डिझेलवर भरघोस कर घेणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये?

तोवर करार मराठीत असल्याखेरीज, आणि विक्रीच्या रकमेतला शेतकऱ्याचा वाटा त्यात टक्क्यांत लिहिलेला असल्याखेरीज, कोणीही सही करू नये. मसुदा घरी आणा, मुंबईच्या भावकीला वाचून दाखवा. आणि येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा:

‘खाजगी जमिनीवर आज उभ्या असलेल्या झाडांसाठी खातेदाराला इंधन करातून दर हेक्टरी वार्षिक मोबदला द्यावा. तो घेतल्यामुळे सातबाऱ्यावर वनाचा कोणताही शेरा मारू नये. झाडांची मोजणी ग्रामसभेसमोर व्हावी.’