प्रतिमेपूर्वीचे अनुमान

एका पायाला सूज घेऊन आलेल्या रुग्णाच्या दोन्ही पोटऱ्यांवर हात फिरण्यापूर्वीच त्याच्या हाती सोनोग्राफीची चिठ्ठी पडावी, हा परिपाठ आपल्या व्यवसायात आता इतका रूढ झाला आहे की, पाय चाचपून, मोजून, मनाशी काही अनुमान बांधणे हे यंत्रपूर्व काळातील वैद्यांचे लाचार कर्तव्य होते, असे नवशिक्या डॉक्टरांस वाटू लागल्यास त्यांना बोल लावता येणार नाही. खोल शिरेतील रक्ताच्या गुठळीपुरते तरी हा समज घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण निसटलेली गुठळी फुफ्फुसात पोहोचली तर प्राणावर बेतते, आणि नसलेल्या गुठळीसाठी महिनोन्‌महिने रक्त पातळ करणारी औषधे दिली तर रक्तस्रावाचे भय रुग्णाच्या पदरी विनाकारण येते.

शारीरिक चिन्हांविषयीचा अविश्वास सर्वस्वी निराधार होता असे नाही. पाऊल वरच्या बाजूस वाकवताना पोटरीत उठणारी कळ हे बोस्टनचे शल्यविशारद जॉन होमन्स यांच्या नावाने ओळखले जाणारे चिन्ह विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांकडून घोकून घेतले गेले. परंतु ते गुठळी असतानाही पुष्कळदा आढळत नाही आणि स्नायू दुखावला असतानाही बिनदिक्कत आढळते, त्यामुळे केवळ त्याच्या साक्षीवर निकाल देणे अशक्य ठरले. एकेकटी दुबळी असलेली ही चिन्हे एकत्र आणून, त्यांना रुग्णाच्या पूर्ववृत्ताची जोड देऊन, कॅनडातील फिलिप वेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी गुणपद्धती सिद्ध केली, तिने चिन्हांची गेलेली पत पुष्कळ अंशी परत मिळवून दिली. चालू कर्करोग; पायाचा लकवा किंवा नुकतेच घातलेले प्लास्टर; तीन वा अधिक दिवस अंथरुणाला खिळणे किंवा गेल्या बारा आठवड्यांतील मोठी शस्त्रक्रिया; खोल शिरांच्या मार्गावरील दुखरेपणा; सबंध पायाची सूज; गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली मोजलेल्या पोटरीच्या घेरात ३ सेंटिमीटरहून अधिक फरक; फक्त त्याच पायावर, दाबल्यास खळगा पडणारी सूज; फुगून वर आलेल्या, पण व्हेरिकोज नसलेल्या शिरा; आणि पूर्वी सिद्ध झालेली गुठळी, यांतील प्रत्येकास एक गुण मिळतो, तर दुसरे एखादे निदान तितकेच संभवनीय असल्यास दोन गुण वजा होतात. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कमी संभाव्यतेच्या गटात सुमारे ३, मध्यम गटात १७ आणि अधिक संभाव्यतेच्या गटात ७५ टक्के रुग्णांस गुठळी आढळली. पाच मिनिटांच्या तपासणीने रुग्णारुग्णांत एवढे अंतर दाखवावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

सोनोग्राफीची कसोटी तत्त्वतः अगदी सरळ आहे. प्रोब आडवा धरून दाबला असता निरोगी शिरेच्या भिंती एकमेकींस पूर्णपणे टेकतात, गुठळी असलेल्या शिरेच्या टेकत नाहीत. आणि ताजी गुठळी पडद्यावर कित्येकदा दिसतच नसल्यामुळे, पोकळी काळीभोर दिसली एवढ्यावरून निर्वाळा न देता दाब देऊन पाहणे अपरिहार्य ठरते. १९८९ साली लेन्सिंग व सहकाऱ्यांनी २२० रुग्णांत या पद्धतीची व्हेनोग्राफीशी तुलना केली, तेव्हा जांघेतील व गुडघ्यामागील शिरांपुरती तिची सूक्ष्मग्राहिता १०० टक्के आणि विशिष्टता ९९ टक्के भरली. मात्र निव्वळ पोटरीतील गुठळ्यांपैकी निम्म्याहून अधिक तिच्या हातून निसटल्या. जांघेच्या वर, श्रोणीतील शिरांपर्यंत दाब पोहोचतच नाही, आणि गर्भवतींमध्ये गुठळी नेमकी तेथेच, विशेषतः डाव्या बाजूस, दडून बसलेली असू शकते.

या मर्यादांचा अर्थ अंकगणिताने उकलतो. दर शंभर गुठळ्यांपैकी पाच तपासणीतून निसटतात असे घटकाभर धरून चालू. अधिक संभाव्यतेच्या गटात ‘सर्व ठीक’ असा अहवाल मिळालेल्या दर आठ रुग्णांमागे सुमारे एकाच्या पायात गुठळी उरेल. कमी संभाव्यतेच्या गटात हेच प्रमाण साडेसहाशेंत एक असे पडेल. अहवालातील शब्द तेच, यंत्र तेच, तपासणारा हातही तोच. तरी एका रुग्णास निश्चिंतपणे घरी पाठवता येते, आणि दुसऱ्याच्या बाबतीत डी-डायमर पाहून, तो वाढलेला असल्यास सुमारे आठवड्याने सोनोग्राफी पुन्हा करण्याची तजवीज करावी लागते. उलटपक्षी, संभाव्यता कमी असून डी-डायमरही सामान्य असेल तर सोनोग्राफीची गरजच उरत नाही. मात्र गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग वा जंतुसंसर्ग असताना डी-डायमर एरवीही वाढतो, याचे भान राखावे.

आपल्या मुलखात या विवेकाची निकड अधिकच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हत्तीरोगाने सुजलेले पाय नित्य पाहणाऱ्या डॉक्टरास ते दोन गुण वजा करण्याचा मोह सहज होतो; परंतु जुन्या सुजेच्या पायातही नवी गुठळी होऊ शकते, म्हणून सूज किती वर्षांची आहे याबरोबरच गेल्या आठ दिवसांत ती बदलली काय, हेही विचारलेच पाहिजे. शिवाय गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या कायद्यामुळे, ज्याची सुरुवात महाराष्ट्राने १९८८ मध्येच केली, सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर सहजासहजी नेता येत नाही. साहजिकच रुग्णालाच तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी यंत्रापर्यंत जावे लागते, आणि एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन डॉक्टरांमधला सारा व्यवहार एका चिठ्ठीवर चालतो. त्या चिठ्ठीवर ‘डॉप्लर करणे’ एवढाच हुकूम असेल, तर पलीकडच्या रेडिओलॉजिस्टने श्रोणीतील शिरांकडे लक्ष द्यावे की पोटरीवर अधिक वेळ खर्च करावा, हे त्यास कळावे कसे?

म्हणून आमची सूचना इतकीच आहे की, पाठवणाऱ्याने दोन्ही पोटऱ्यांचे मोजलेले घेर, गुणांची बेरीज आणि आपला संशय चिठ्ठीवर लिहावा. पाहणाऱ्याने कोणत्या शिरा कोठपर्यंत दाबून पाहिल्या आणि कोणत्या दिसल्या नाहीत, याची अहवालात नोंद करावी. आणि संशय बळकट असून सोनोग्राफीस विलंब होणार असेल, तर रक्तस्रावाचा विशेष धोका नाही याची खात्री करून उपचार तिची वाट न पाहता सुरू करावेत. याकरिता लागणारी मोजपट्टी प्रत्येक दवाखान्यात आहेच.