पहिली भाषा कोणती?



मागच्या रविवारी दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकते न टेकते, तोच शेजारच्या वहिनी आल्या. हातात क्लासच्या जाहिरातीचा रंगीत कागद आणि चेहऱ्यावर काळजी. त्यांची लेक बारावी झाली, बी.सी.ए.ला नाव घालायचं ठरलंय.

"ताई, क्लासवाले म्हणतात तीन महिन्यांत पाच भाषा शिकवतो. पुण्याचा भाचा म्हणतो जावाच घ्या. कॉलेजात पहिल्या सहामाहीला सी आहे म्हणे. आणि हिचे बाबा म्हणतात, काय ते एकदाच ठरवा, मग पैसे मागा. या महिन्यात माझी भिशी लागली आहे. ती या कागदावर लावू का?"

आता मी काही संगणकाची पंडित नाही. बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी बाई. पण या वाटेवर मी एकदा ठेच खाल्ली आहे, म्हणून सांगायचा अधिकार आहे असं समजते.

बी.ए. झाल्यावर मीही असाच एक क्लास लावला होता. एका संगणकावर तिघीजणी. सर फळ्यावर सी भाषेतला प्रोग्रॅम लिहून देत, आम्ही तो वहीत उतरवून पाठ करत असू. परीक्षेत पास झाले, प्रमाणपत्र मिळालं. पण स्वतःच्या मनाने दोन ओळी काही लिहिता येईनात. मी मनाशी ठरवून टाकलं, की आपलं डोकं यातलं नाही. त्या एका समजुतीपायी पुढची दहा-बारा वर्षं मी त्या वाटेला फिरकलेच नाही. फी गेली त्याचं एवढं वाटत नाही, पण ती वर्षं गेली त्याचं वाटतं. वहिनींच्या लेकीचं असं होऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी एक घोळ दूर करू. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी एम.एस.-सी.आय.टी. केलेलं असतं. त्यात मुख्यतः संगणक वापरायला शिकवतात. पत्र लिहिणं, तक्ते भरणं, इंटरनेट. प्रोग्रॅमिंग म्हणजे संगणकाला स्वतः काम सांगणं. आणि ते सांगण्यासाठी ज्या ठरावीक शब्दांत, ठरावीक रीतीने लिहायचं, ती झाली त्याची भाषा.

भाषा शेकड्यांनी आहेत, पण आतलं सामान बहुतेक तेच. डब्यावर चिठ्ठी लावून त्यात वस्तू ठेवावी, तशी नाव देऊन माहिती साठवायची. "पीठ सैल झालं तर थोडं कोरडं घाल", ही झाली अट. "तीन शिट्ट्या होईपर्यंत थांब", ही झाली पुनरावृत्ती. आणि "फोडणी कर" एवढं म्हटलं की तेल, मोहरी, हिंग, हळद सारं त्यात आलं. तसं अनेक पायऱ्यांना मिळून एक नाव द्यायचं, त्याला फंक्शन म्हणतात. या चार गोष्टी एका भाषेत हाताखालून गेल्या, की दुसरी भाषा जड जात नाही. म्हणून तीन महिन्यांत पाच भाषा म्हणजे पाच घरांच्या नुसत्या उंबऱ्याला पाय लावून येणं. घर एकही पाहून होत नाही.

मग पहिली कोणती? ज्याची त्याची गरज पाहून ठरवावं.

घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर स्क्रॅच. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेने २००७ साली ती सर्वांसाठी खुली केली. त्यात टंकलेखन फारसं नाही. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं मांजर चालतं, बोलतं. फुकट आहे. माझ्या मुलाबरोबर बसून मीही ठोकळे जोडले आणि इतक्या वर्षांची भीती तिथेच जरा ढिली पडली.

मोठ्या मुलीला, किंवा तुम्हा-आम्हाला, पायथॉन. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. नाव अजगराचं वाटतं, पण ते घेतलंय ब्रिटिश दूरदर्शनवरच्या एका विनोदी कार्यक्रमावरून. हीही फुकटच. एक ओळ लिहावी आणि लगेच उत्तर पाहावं. भाताचं शीत चेपून पाहिल्यासारखं. एकच पथ्य. ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा इथे महत्त्वाची असते. ती मागेपुढे झाली की गाडी अडते.

सी ही १९७२ च्या सुमाराची, डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेली. वेगवान आणि काटेकोर. कोणत्या डब्यात काय प्रकारचं सामान येणार, हे तिला आधी सांगावं लागतं. ती शिकलं की यंत्र आतून कसं चालतं ते कळतं, म्हणून कॉलेजात तिला मान आहे. वाईट मुळीच नाही. पण नव्या नवरीला पहिल्याच दिवशी पुरणाच्या पोळ्या लाटायला लावू नयेत, एवढंच. संकेतस्थळं बनवायची हौस असेल तर आधी पानाची मांडणी करणारं एच.टी.एम.एल. आणि मग जावास्क्रिप्ट. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन निरनिराळ्या भाषा आहेत बरं का. नाव सारखं म्हणून गफलत करू नका.

मी पायथॉनमध्ये पहिला प्रोग्रॅम लिहिला तो दुधाच्या हिशेबाचा. भाव साठ रुपये, रोजचं दीड लिटर, महिन्याचे तीस दिवस, तीन खाडे. पायथॉनमध्ये डब्यांना मराठी नावं चालतात, म्हणून मी खुशाल "भाव", "लिटर", "दिवस", "खाडे" अशी नावं दिली. आकडे मात्र इंग्रजीत टाकावे लागले. उत्तर आलं २६९७. दूधवाल्या भाऊंचा हिशेब होता २७००. मला वाटलं जमलं! मग लक्षात आलं, तीन दिवस दूध नाही आणि फरक फक्त तीन रुपयांचा? "दिवस वजा खाडे" याला मी कंसच केला नव्हता. यंत्राने आधी सगळा गुणाकार केला आणि त्यातून तीन वजा केले. कंस घातला तेव्हा २४३० आले. भाऊंना खाडे मोजायचे राहिले होते. त्यांनी हसत २७० रुपये कमी केले.

त्या दिवशी कळलं, की चुकलं म्हणजे डोकं नाही असं नसतं. कंस राहिला होता, तो घातला, झालं. वहीतला प्रोग्रॅम पाठ करताना हे मला कधी कळलंच नव्हतं.

"पण आमचं इंग्रजी?" हा वहिनींचा पुढचा प्रश्न. तर ऐका. पायथॉनमध्ये राखीव शब्द आहेत फक्त ३५ आणि सीमध्ये मूळचे ३२. वाणसामानाची यादी यापेक्षा मोठी असते. शिकवणं मराठीतून हवं असेल तर आय.आय.टी. मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, विनामूल्य; सी, सी प्लस प्लस यांचे पाठ मराठी आवाजातही आहेत. अर्ध्या पडद्यावर पाठ लावायचा, अर्ध्यावर आपण करून पाहायचं.

आणि हे बायकांचं काम नाही असं कोणी म्हणालं, तर त्यांना सांगा, १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्राचे प्रोग्रॅम सहा स्त्रियांनी बसवले होते. कोबोल ही हिशेबाची प्रसिद्ध भाषा १९५९ पासून आकाराला आली, तीही ग्रेस हॉपर या गणिताच्या प्राध्यापिकेच्या कामाच्या आधारावर.

हल्ली म्हणतात, प्रोग्रॅम तर आता यंत्रच लिहून देतं, शिकायचं कशाला? तयार मसाला बाजारात मिळतो म्हणून भाजीत मीठ कमी की जास्त हे कळायला नको का? कंस राहिलाय हे ओळखणारं माणूस लागतंच.

क्लासला पैसे भरण्याआधी एवढं विचारून घ्या:

एका संगणकावर किती मुली बसतात? रोज स्वतःच्या हाताने करायला किती वेळ मिळतो? दोन दिवस बसून पाहू देतात का? फी हप्त्याने चालते का? आणि आधी शिकून गेलेल्या एखाद्या मुलीने स्वतः केलेलं काही दाखवतात का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं, तर पर्स उघडू नका.

आणखी एक. आपल्या उमरखेडसारख्या गावात भाषा निवडताना हेही पाहावं, की अडलं तर विचारायला जवळ कोण आहे. पुसदला किंवा नांदेडला धावण्यापेक्षा गल्लीत कुणी सी जाणणारा असेल आणि पायथॉनवाला कुणीच नसेल, तर सरळ सीने सुरुवात करावी. आणि एकदा धरली की सहा महिने ती सोडू नये.

वहिनींच्या घरी शेवटी असं ठरलं. कॉलेज उघडेपर्यंत लेकीने घरीच पायथॉन करायचं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर, रोज एक तास. मग कॉलेजबरोबर सी. भिशीचे पैसे तूर्त बँकेत. तिला स्वतःचा, वापरलेला का होईना, संगणक घेण्यासाठी. तिच्या बाबांनी एकच अट घातली, दर रविवारी काहीतरी करून दाखवायचं.

काल संध्याकाळी ती आली ती तणतणतच. "मावशी, ओळ बरोबर आहे, तरी चालत नाही!" मी पाहिलं. ओळीच्या सुरुवातीला जागा सोडायची राहिली होती. मी सांगितलं नाही, फक्त "नीट बघ" म्हटलं आणि चहा ठेवायला गेले. आधण यायच्या आत आतून हसण्याचा आवाज आला. वहिनी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, ती झोपली की रात्री मी जरा बसू का हो यावर? माझा भिशीचा हिशेब मांडून बघते."

बसा की, वहिनी. खुशाल बसा.