फिर्यादीच न्यायाधीश!

व्हिडिओ गेम खेळणे हा आता निव्वळ पोरखेळ राहिलेला नाही. आपला खेळ इंटरनेटवरून थेट दाखवायचा आणि जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळवायचा, हा आपल्याकडच्या तरुणांचाही रोजगार झाला आहे. परंतु खेळातल्या मोटारीच्या रेडिओवर एखादे गाणे वाजले, की संगीत कंपनी त्या साऱ्या कमाईवर दावा सांगू शकते.

कलावंताच्या हक्काला आमचा विरोध नाही. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन चित्रपटातील गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा मिळाला, हे योग्यच झाले. प्रश्न आहे तो निवाडा कोण करतो हा!

यू-ट्यूबवर २००७ पासून 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा आहे. आवाज जुळला की दावा आपोआप लागतो. यू-ट्यूबच्याच अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहामाहीत ७२ कोटींहून अधिक दावे लागले. हरकत घेतली गेली ती अवघ्या २२ लाखांवर. आणि त्या हरकतींपैकी सुमारे साठ टक्के हरकतदारांच्या बाजूने निकाली निघाल्या! मग बाकीचे गप्प बसले ते सगळे दोषी होते म्हणून, की भीतीपोटी?

भीतीला कारण आहे. हरकत जाते ती दावेदाराकडेच. तो तीस दिवसांत ती फेटाळू शकतो. पुढचे अपीलही त्याच्याच पुढ्यात! तेथे त्याने व्हिडिओ हटवण्याची नोटीस दिली तर चॅनेलवर स्ट्राइक बसतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेलच बंद होऊ शकते. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे विधीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. येथे मात्र नेमके उलटे चालते.

प्रतिनोटीस देता येते, पण ती १९९८ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे. अमेरिकेबाहेरच्या माणसाला त्यासाठी तिकडच्या न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. लातूरच्या पोराने कॅलिफोर्नियात वकील द्यायचा काय? ट्विचने तर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये असंख्य खेळाडूंची जुनी चित्रणे परस्पर पुसली. कोणत्या गाण्यासाठी, तेही सांगितले नाही.

दावेदार तरी खरा असतो का? २०२२ मध्ये बंजी या गेम कंपनीच्या नावाने कोणीतरी खोट्या नोटिसा धाडल्या आणि खुद्द बंजीचेच व्हिडिओ हटले. अमेरिकेत दोघा भामट्यांनी दुसऱ्यांच्या लॅटिन गाण्यांवर मालकी सांगून दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम लाटली. २०२३ मध्ये त्यांना शिक्षा झाली, पण तोवर कित्येक वर्षे पैसा जातच होता.

वस्तुतः आपला कायदा अधिक न्यायी आहे. कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमांनुसार तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. धावपळ तक्रारदाराने करायची. निराधार धमकीविरुद्ध कलम ६० खाली दावाही लावता येतो. मात्र या कंपन्या व्यवहार करतात तो स्वतःच्या करारावर, आणि तो करार न वाचताच आपण मान्य केलेला असतो. भारतात जाहिरातीचा पैसा कमावणाऱ्यांना २१ दिवसांची ही अट बंधनकारक करण्याची मागणी केंद्राकडे रेटली पाहिजे.

तोवर एक करा. गेम कंपनीने संगीत दाखवण्याची दिलेली परवानगी जपून ठेवा आणि दावा खोटा असेल तर पाच दिवसांच्या आत हरकत घ्या. तसे केल्यास दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत राखून ठेवली जाते.